पुरून ठेवलेले दान

पाठ : मत्तय २५:१४-३०, १ पेत्र ४:७-११.
मुखोद्गत करण्याचे वचन : १ पेत्र ४:१०.



खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस भेटी देत फिरत असता एक वाक्य आमच्या कानी वारंवार पडते. रविवारच्या शाळेस कोणी मदत करील काय, आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेस कोणी जाईल काय, असे विचारले की मागच्या रांगेतून उत्तर येते, “पाळकसाहेब, आम्ही अडाणी माणसे, आमच्याने काय होणार? ते उपदेशकांचे काम.” हे वाक्य ऐकावयास नम्रतेचे वाटते, आणि पुष्कळ वेळा ते खऱ्या नम्रतेनेच उच्चारलेले असते यात संशय नाही. तथापि आपल्या प्रभूने सांगितलेल्या एका दाखल्यात हेच वाक्य वेगळ्या शब्दांत बोलणारा एक दास आहे, आणि धन्याने त्याच्या नम्रतेची वाखाणणी केलेली नाही. म्हणून आजच्या पाठात आपण पाच तालांत मिळालेल्या दासाचा नव्हे, तर एकच तालांत मिळालेल्या दासाचा विचार करू. आपल्यापैकी बहुतेक जण स्वतःस त्याच्याच जागी समजतात.

१. एक तालांत म्हणजे किती?

दाखला सर्वांच्या परिचयाचा आहे. एक धनी परदेशी जाताना आपली मालमत्ता दासांच्या हवाली करितो. एकास पाच तालांत, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास एक, असे ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे तो देतो. पहिले दोघे व्यापार करून रक्कम दुप्पट करितात. तिसरा जमीन खणून आपला तालांत पुरून ठेवितो.

वाचताना आपल्या मनात असे येते की, बिचाऱ्या तिसऱ्यास अगदीच थोडे मिळाले. त्या थोडक्यात तो काय करणार? परंतु तालांत म्हणजे एखादे नाणे नव्हे. ते एक मोठे वजन होते, आणि एका तालांताची किंमत सुमारे ६,००० दीनार धरीत असत. आता मत्तयाच्याच शुभवर्तमानात, २० व्या अध्यायात, द्राक्षमळ्यातील मजुरास दिवसाची मजुरी एक दीनार ठरविलेली आहे. तेव्हा हिशेब करून पाहा. एक तालांत म्हणजे सहा हजार दिवसांची मजुरी. वर्षातून तीनशे दिवस मजुराने काम केले, तर वीस वर्षांची कमाई! ज्यास आपण ‘थोडे मिळालेला’ म्हणतो, त्याच्या पदरी धन्याने वीस वर्षांच्या घामाचे मोल घातले होते. या धन्याच्या घरी लहान दान असे नव्हतेच. लहान होती ती त्या दासाची स्वतःच्या दानाविषयीची कल्पना.

शेजाऱ्याच्या पाच तालांतांकडे पाहत बसल्यामुळे आपला एक तालांत कवडीमोल वाटू लागतो. ज्या धन्याने दोन तालांत दिले त्याने त्या दासाची प्रशंसा कोणत्या शब्दांनी केली, हे २१ व्या व २३ व्या वचनांत ताडून पाहा. पाच तालांतवाल्यास जे शब्द, तेच शब्द दोनवाल्यास; त्यात कानामात्रेचाही फरक नाही. हिशेबाच्या दिवशी किती मिळाले हे विचारावयाचे नसून, मिळालेल्याचे काय केले हे विचारावयाचे आहे.

मग तिसऱ्याने तालांत का पुरला? तो आळशी होता असे धनी म्हणतो. पण तो स्वतः निराळे कारण सांगतो. तो भ्याला. धनी कठोर आहे, पेरले नाही तेथे कापणारा आहे, असे त्याच्या मनाने घेतले होते. चूक झाली तर धनी काय करील, लोक काय म्हणतील, या भीतीने त्याने ती रक्कम मातीखाली झाकली. आपल्याकडेही चोराच्या भयाने हंडा जमिनीत पुरून ठेवणारे लोक होऊन गेले. हंडा सुरक्षित राहतो, परंतु त्याने कोणाची भूक भागत नाही. बियाणे मातीत घातले तर त्याचे कणीस होते. नाणे मातीत घातले तर ते नाणेच राहते. देवाने दिलेले दान बियाण्याच्या जातीचे आहे. ते पेरावयाचे असते, पुरावयाचे नसते.

२. दान कोणाचे, आणि कोणासाठी?

आता पेत्राच्या पहिल्या पत्राकडे वळू. हे पत्र कोणास लिहिले होते? पंत, गलतिया, कप्पदुकिया, आसिया व बिथुनिया या प्रांतांत पांगलेल्या विश्वासणाऱ्यांस. त्यांत घरोघर चाकरी करणारे दास पुष्कळ असले पाहिजेत, कारण दुसऱ्या अध्यायाच्या १८ व्या वचनात प्रेषित त्यांस उद्देशून वेगळा बोध करितो. ज्यांस स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता, ज्यांचे नाव गावच्या कोणत्याही मानाच्या यादीत नव्हते, अशा लोकांस प्रेषित लिहितो की, तुम्हांपैकी प्रत्येकास दान मिळाले आहे. ‘काहींस’ असे तो म्हणत नाही, ‘प्रत्येकास’ म्हणतो. तुमच्याआमच्या वाडवडिलांस जगाने ‘तुम्हांस काहीच नाही’ असे पिढ्यानपिढ्या सांगितले. ते खोटे होते. बाप्तिस्मा घेतल्यावरही आपण तेच वाक्य आपल्याच तोंडाने म्हणत राहिलो, तर शुभवर्तमान आपण अर्धेच ऐकले असे होईल.

या एका वचनात तीन शब्द आहेत, ते नीट ध्यानात ठेवावे.

पहिला शब्द ‘दान’. मूळ ग्रीक भाषेत हा शब्द ‘कृपा’ या शब्दापासूनच निघालेला आहे. जे कृपेने मिळाले ते कमाईने मिळालेले नव्हे. म्हणून त्याचा गर्व करिता येत नाही, आणि ते नाही म्हणून रडताही येत नाही.

दुसरा शब्द ‘कारभारी’. कारभाऱ्याच्या हाती किल्ल्या असतात, पण कोठार त्याचे नसते. धान्य कोणास किती द्यावयाचे हे मालक ठरवितो. कारभाऱ्याने ते वेळेवर बाहेर काढावयाचे असते. कोठाराला कुलूप लावून बसलेला कारभारी कितीही प्रामाणिक असला, तरी घरची मुले उपाशीच राहतात.

तिसरा शब्द ‘नानाविध’. देवाची कृपा नानाविध आहे असे प्रेषित म्हणतो. हाच मूळ शब्द त्याने याच पत्राच्या पहिल्या अध्यायात, सहाव्या वचनात, वापरला आहे. मात्र तेथे तो परीक्षांविषयी आहे. नाना प्रकारची संकटे आणि नाना प्रकारची कृपा! जितक्या रंगांचे दुःख, तितक्याच रंगांची कृपा देवाने आपल्या मंडळीत ठेविली आहे. परंतु ती कृपा आकाशातून पडत नाही. ती शेजाऱ्याच्या हातून येते. विधवेच्या घरी चूल पेटली नाही, या संकटाचे उत्तर देवाने कोणाच्या तरी कणगीत ठेविले आहे. त्याने आपली कणगी उघडली नाही, तर त्या बाईने देवाच्या कृपेविषयी काय समजावे?

याच वचनाच्या अगोदर प्रेषिताने पाहुणचाराविषयी लिहिले आहे, आणि तो कुरकुर न करिता करावा असेही बजाविले आहे. तेव्हा दान म्हटले की उपदेशच, असे समजू नये. भाकरी थापणे हेही दानच आहे.

३. सोने एकच, कामे दोन

येथे आम्हांस स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. आम्ही सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलो होतो, तेव्हा एका गावी बाप्तिस्मा झालेला एक मनुष्य आमच्याकडे आला. हलगी वाजविणे हे त्याच्या घराण्याचे पिढीजात काम होते. देवदेवतांच्या मिरवणुकींत व जत्रांत त्याची हलगी वाजत असे. त्याने विचारले, “साहेब, आता हिचे काय करू?” आम्ही फारसा विचार न करिता म्हणालो, “ती मूर्तिपूजेची वस्तू आहे; ठेवून दे.” तो आज्ञाधारक होता. त्याने हलगी घराच्या आढ्याला टांगली.

सुमारे बारा वर्षांनी आमचे त्या गावी पुन्हा जाणे झाले. मंडळी रात्री भजनास बसली होती. गाणे ओढूनताणून चालले होते. एक पुढे जाई, दुसरा मागे राही. हा मनुष्य भिंतीशी गप्प बसला होता, परंतु त्याची बोटे गुडघ्यावर ठेका धरीत होती. भजन संपल्यावर आम्ही विचारले, “तुम्ही का वाजवीत नाही?” तो सहजच म्हणाला, “तुम्हीच नको म्हणाला होता ना, साहेब.” त्याच्या स्वरात राग नव्हता. तो असता तर आम्हांस सोपे गेले असते.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. आम्ही निर्गमाचे पुस्तक उघडले. इस्राएल लोक मिसरातून सोने घेऊन निघाले होते (१२:३५). ३२ व्या अध्यायात त्यांच्या कानांतील सोन्याची वासरूमूर्ती होते. ३५ व्या अध्यायात त्याच लोकांच्या अंगावरील सोने, कानांतील भूषणांसह, देवाच्या मंडपासाठी येते. सोने तेच, मिसरातलेच! ते वासराचे झाले तेव्हा पाप झाले. ते मंडपाचे झाले तेव्हा सेवा झाली. मोशेने ती मूर्ती जाळून तिचा चुरा केला, हे खरे; परंतु लोकांनी पुन्हा सोने आणले तेव्हा ‘हे मिसरी आहे’ म्हणून त्याने ते परत पाठविले नाही. आम्ही मात्र मूर्ती आणि सोने यांतला भेद ओळखला नव्हता. जुन्या आयुष्यातील पूजा सोडावयाची होती. देवाने बोटांत घातलेला ठेका सोडावयाचा नव्हता.

सकाळी आम्ही त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. हलगीचे कातडे उंदरांनी कुरतडले होते. त्याने नवे चढविले. जाळावर शेकून ती वाजविण्यास घेतली, तेव्हा कळले की संधिवाताने त्याचे मनगट आखडले आहे. पूर्वीचा हात आता राहिला नाही. तो नातवास समोर बसवून शिकवू लागला आहे, आणि नातू बरा वाजवितो. पण ती बारा वर्षे आम्ही त्यास परत देऊ शकत नाही. पुरून ठेवलेला तालांत कधी कधी दासाने पुरलेला नसतो. पाळकाने त्यास पुरावयास लाविलेले असते.

आमच्या आधी होऊन गेलेल्या थोर माणसांस हा भेद चांगला समजला होता. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे आईबाप तीर्थोतीर्थी पुराणे सांगून उपजीविका करीत. त्यांनी मुलीस संस्कृत विद्या दिली, आणि १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्या विद्येचा गौरव केला. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी ती विद्या टाकून दिली काय? नाही. तिचे तोंड त्यांनी दुसरीकडे वळविले. १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदा सदन काढून विधवांस शिकविले. पुढे पुणे जिल्ह्यात केडगाव येथे मुक्ती मिशनात अनाथ व निराधार स्त्रियांस आसरा दिला. उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. ते पंडितांस रिझविण्यासाठी नव्हते, तर थोड्या शिकलेल्या बायकांसही वाचून समजावे अशा सोप्या मराठीत होते. ते काम पुरे होते न होते तोच १९२२ च्या एप्रिल महिन्यात प्रभूने त्यांस नेले. आणि त्या भाषांतराचे खिळे कोणी जुळविले? मुक्ती मिशनाच्या छापखान्यात काम करणाऱ्या तेथल्याच मुलीबाळींनी. पंडितेची विद्या एक दान, आणि खिळे जुळविणारी बोटे हे दुसरे दान. एकावाचून दुसरे पुस्तकरूपाने आपल्या हाती आले नसते.

४. जी दाने कोणी मोजीत नाही

प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो शहरच्या दुर्कसेची गोष्ट आहे. ती मेली तेव्हा विधवा रडत पेत्राजवळ उभ्या राहिल्या, आणि तिने शिवलेली वस्त्रे त्यास दाखवू लागल्या. या बाईच्या तोंडचा एकही शब्द शास्त्रात लिहिलेला नाही. तिने उपदेश केला किंवा नाही हे आपणांस ठाऊक नाही. तिची सुई मात्र शास्त्रात अमर झाली आहे. आपण मेल्यावर लोक आपल्या कोणत्या वस्तू हातात धरून रडतील, असा प्रश्न प्रत्येकाने एकांतात स्वतःस विचारावा.

तसेच रोमकरांस पत्र पाहा. बाराव्या अध्यायात पौल दानांची यादी देतो : संदेश देणे, सेवा करणे, शिकविणे, बोध करणे, दानधर्म करणे, पुढारीपण करणे, दया करणे. आणि सोळाव्या अध्यायात तो माणसांची नावे देतो. पुष्कळ वाचक नावांची ती यादी कंटाळून सोडून देतात. परंतु यादीतील दाने चालती-बोलती पाहावयाची असतील तर ती तेथे आहेत. पुष्कळांस साहाय्य करणारी फिबी तेथे आहे. पौलास व मंडळीस आपल्या घरात जागा देणारा गायस तेथे आहे. आणि २२ व्या वचनात एक मनुष्य हळूच आपला सलाम सांगतो : तर्तियस. हे पत्र ज्याने आपल्या हाताने लिहून काढले तो हा. विचार पौलाचे, अक्षर तर्तियसाचे. मंडळीत ज्या तरुणास लिहितावाचता येते, त्याने गावच्या विधवेचा सरकारी अर्ज लिहून दिला, दृष्टी गेलेल्या म्हाताऱ्यास रोज एक अध्याय वाचून दाखविला, तर तो तर्तियसाच्या पंक्तीस बसतो.

एकाचे अपुरे राहिलेले काम दुसऱ्याने पुरे करणे, हेही दानच आहे. नारायण वामन टिळक यांस १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा मिळाला. ते मूळचेच कवी. ती कविता त्यांनी प्रभूच्या चरणी वाहिली, आणि आपल्या लोकांच्या परिचयाच्या अभंगांत व ओव्यांत त्याचे गुण गाइले. १९१९ साली ते निवर्तले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते पुरे केले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. या बाईंस लिहिणे-वाचणे आले ते लग्नानंतर! ‘मी अडाणी, माझ्याने काय होणार’ असे म्हणण्याचा अधिकार कोणास असता, तर तो त्यांस होता. त्यांनी तो वापरला नाही.

५. उपदेशक बंधूंस दोन शब्द

बंधूंनो, आता तुम्हांशी व स्वतःशी बोलतो. आपल्या मंडळीतील लोक गप्प बसतात याचा दोष आपण त्यांच्या आळसास देतो. परंतु पुष्कळदा गाणे आपणच सांगतो, प्रार्थना आपणच करितो, आजाऱ्याकडे आपणच जातो, हिशेब आपणच ठेवितो, आणि मग थकलो म्हणून कुरकुरतो. मोशेही असाच सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करीत बसे. तेव्हा त्याचा सासरा इथ्रो याने त्यास स्पष्ट सांगितले की हे ठीक नव्हे. तूही झिजशील आणि लोकही झिजतील (निर्गम १८:१७, १८). ‘लोकही’ हा शब्द विसरू नये. एकट्याने सर्व करणारा पुढारी लोकांचे ओझे वाहतो असे दिसते, पण खरे पाहता तो त्यांचे हातपाय आखडून टाकितो.

इफिसकरांस पत्रात (४:११, १२) पाळक व शिक्षक ही ख्रिस्ताने मंडळीस दिलेली दाने आहेत असे म्हटले आहे. कशासाठी? पवित्र जनांस सेवेच्या कामाकरिता सिद्ध करण्यासाठी. म्हणजे आपले दान हे दुसऱ्यांची दाने उकरून वर काढण्याचे दान आहे. उपदेशक बदलून गेला व मंडळीचा दिवा विझला, तर त्याने तेथे पुष्कळ काम केले असेल, पण नेमून दिलेले काम केले नाही. तो गेल्यावरही दिवा जळत राहिला, तर त्याचा तालांत दुप्पट झाला असे समजावे.

तेव्हा या आठवड्यात एक काम करावे. मंडळीतील घरांची यादी घ्यावी, आणि प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीस देवाने काय दिले आहे ते लिहावे. वर्गणी लिहू नये, दान लिहावे. कोणाचा गळा, कोणाची सुई, कोणाची बैलगाडी, कोणाचे अक्षर, कोणाचे शांत बोलणे, कोणाची वैद्यकी, कोणा आजीची प्रार्थना. एखाद्या नावापुढे काहीच सुचले नाही, तर त्या मनुष्यास काही मिळाले नाही असे समजू नये. आपण त्याच्या घरी पुरेसे गेलो नाही असे समजावे. मग त्या घरी जावे.

वर्गात विचारण्याचे प्रश्न

१. तिसऱ्या दासाने धन्याविषयी कोणती कल्पना केली होती? देवाविषयी तशीच कल्पना आपल्या मनात आहे काय?
२. बाप्तिस्म्यापूर्वी मला कोणते काम चांगले येत होते? ते आज कोणाच्या उपयोगी पडत आहे?
३. आपल्या मंडळीत कोणाचे दान आपल्या बोलण्यामुळे आढ्याला टांगले गेले आहे काय? त्याच्याकडे कोण जाईल, आणि केव्हा?
४. पुढील रविवारपर्यंत मी कोणत्या एका घरची कोणती एक सेवा करीन?

प्रार्थना

हे प्रभू, तू आम्हांस रिकामे ठेविले नाहीस. आम्हीच आपले हात झाकून घेतले. भीतीने जे पुरले ते उकरून काढण्याचे धैर्य आम्हांस दे. ज्यांचे दान आम्ही तुच्छ मानिले त्यांची क्षमा मागण्याची लाज आम्हांस वाटू देऊ नको. आणि तू हिशेब घेण्यास येशील तेव्हा आमच्या हातांस माती लागलेली असली, तर ती पुरण्याची नसो, पेरण्याची असो. आमेन.